चिलटांसाठी मातीत दाणेदार औषध टाकावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर तुम्हाला लगेच कळेल. गावठाणाला लागून चार एकर रान. मेथी, कोथिंबीर, पालक एकामागून एक. जुडी निघाली की उरलेला पाला आणि तण रोटाव्हेटरने गाडायचं, वर कोंबडीखत पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी पाटाने पाणी द्यायचं. फेब्रुवारी लागल्यापासून चिलटांचे थवे उठतात, डोळ्यांत-नाकात जातात. शेजारच्या शाळेतली पोरं डोळे चोळत बसतात आणि सगळं गाव तुमच्या शेताकडे बोट दाखवतं. कृषी सेवा केंद्रात विचारलंत, तर एकरी १० किलो कार्बोफ्युरान ३ टक्के हे दाणेदार कीटकनाशक मातीत मिसळा म्हणाले. टाकू का, असं तुम्ही विचारता.

नका टाकू. का, ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘नका टाकू’ म्हटलं तर तुम्ही उद्या दुसऱ्या दुकानात जाल.

आधी ही चिलटं नेमकी कोणती ते पाहू. आपल्याकडे डोळ्यांपुढे घोंघावणाऱ्या प्रत्येक बारीक माशीला चिलट म्हणतात, कुठे केंबरं म्हणतात, कुठे घुंगुरटी. पण औषधाच्या दृष्टीने ही चार-पाच वेगळी घराणी आहेत. सडक्या कांद्यावर, केळीवर लाल डोळ्यांची माशी घुटमळते ती ड्रोसोफिला नावाची चिमुकली माशी. पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, तुरुतुरु पळणारी, लांब पायांची, डासाच्या अंगलटीची असते तिला फंगस नॅट म्हणतात. मेंढरांना, जनावरांना चावून रक्त पिणारी आणखी वेगळी. तुमच्या वर्णनातली चावत नाही, पण डोळ्याच्या कडेला, नाकाला, पोरांच्या गुडघ्यावरच्या खरचटलेल्या जागेवर चिकटून बसते, हाकललं की पुन्हा तिथेच. दोन मिलिमीटरच्या आसपास, काळी, चकचकीत. ही डोळ्यांवरची चिलटं, क्लोरोपिडी कुळातली. आपल्या देशात हिची मुख्य जात सिफन्क्युलिना फ्युनिकोला. ‘फ्युनिकोला’ म्हणजे दोरीवर राहणारी. खात्री करायची तर आज दिवेलागणीला गोठ्यात किंवा पडवीत जा आणि छताला लोंबणारी जुनी सुतळी, वायर, जळमटाचा धागा बघा. त्यावर मोहरी चिकटवल्यासारखी काळी रांग दिसली तर ओळख पक्की. या दोरीकडे मी नंतर परत येणार आहे.

आता मातीतल्या औषधाचं. ही कल्पना तुमच्या दुकानदाराच्या डोक्यातून निघालेली नाही. जगात एका ठिकाणी ती मोठ्या प्रमाणावर, अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने करून पाहिली गेली. दक्षिण कॅलिफोर्नियात कोचेला नावाचं खोरं आहे. मूळचं वाळवंट, पण पाणी मिळालं तसं खजूर, द्राक्षं, लिंबूवर्गीय बागा आणि भाजीपाल्याने हिरवं झालं. पाणी आलं, बागा आल्या आणि त्यांच्यामागे आली चिलटं. ती हिप्पेलेटीस या वंशातली, म्हणजे आपल्या जातीची चुलत बहीण. त्रास असा की १९२८ साली तिथे कीटक निवारणासाठी स्वतंत्र जिल्हा यंत्रणा उभी राहिली, आणि तिच्या स्थापनेमागे या चिलटांचा जाच हे मुख्य कारण होतं. शाळेतल्या मुलांचे डोळे येणं आणि चिलटं यांचा संबंधही तिथे फार लवकर ध्यानात आला. पुढे १९४०च्या दशकाच्या अखेरीस कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने खोऱ्यात आलं, ओलिताखालचं रान वाढलं आणि त्याबरोबर चिलटांच्या वाढीची जागाही.

त्या काळी शेतीत क्लोरीनयुक्त कीटकनाशकांची चलती होती. ऑल्ड्रिन, डायल्ड्रिन, हेप्टाक्लोर. चिलटाची अळी मातीत वाढते, मग मातीच विषारी केली की झालं, असा साधा हिशोब. औषध मातीत मिसळलं की महिनोन्‌महिने टिकायचं. ऑल्ड्रिन मातीत हळूहळू डायल्ड्रिनमध्ये बदलतं आणि डायल्ड्रिन तर आणखी चिवट. सुरुवातीला निकाल झकास आले, हे मी लपवणार नाही. चिलटं खरोखर कमी झाली.

पण रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मीर मुल्ला नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते, त्यांनी या चिलटांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९६२ साली त्यांनी नोंदवलं की या माशीत मातीत टाकायच्या औषधांविरुद्ध प्रतिकारशक्ती आली आहे. का आली असेल, याचा विचार करा. फवारणी केली तर औषध चार-आठ दिवस असतं, त्या काळात समोर येईल ती कीड मरते, बाकीची सुटते. मातीत महिनोन्‌महिने टिकणारं औषध म्हणजे रोजची चाळणी. उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांत एक पिढी निघते. प्रत्येक पिढी त्याच विषातून वर येणार, आणि जी तगेल तिचीच पोरं पुढे. जे औषधाचं बळ, म्हणजे टिकून राहणं, तेच त्याला घातक ठरलं. वर ही सगळी औषधं एकाच गटातली, त्यामुळे एकाला पचवणारी माशी दुसऱ्यालाही पचवू लागली.

मातीत विष तसंच राहिलं, चिलटं परत आली. डायल्ड्रिन चरबीत साठतं, दुधात उतरतं, पक्ष्यांना मारतं. अमेरिकेत १९७४ मध्ये पिकांवरचा ऑल्ड्रिन-डायल्ड्रिनचा वापर बंद झाला. चिवट विषारी रसायनं आवरणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या पहिल्या बारा रसायनांत ही दोन्ही आणि हेप्टाक्लोरही आहे. आपल्याकडेही ती बंद आहेत.

मुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं खरं मोलाचं काम मात्र औषधांचं नाही, नांगराचं आहे. त्यांनी मातीवर पिंजरे ठेवून कुठून किती माशा निघतात ते मोजलं. न हलवलेल्या, तण तसंच उभं असलेल्या जमिनीतून जेमतेम निघत. तीच जमीन डिस्कने, म्हणजे ट्रॅक्टरच्या तव्यांच्या अवजाराने, उलथली, हिरवं तण मातीत गाडलं आणि पाणी दिलं की तिथूनच रग्गड. मादी अंडी घालायला शोधते ती ताजी फोडलेली, ओलसर, आत हिरवा पाला कुजायला लागलेली भुसभुशीत माती. अळी त्या कुजणाऱ्या पाल्यावर जगते. म्हणजे शेतकरी एका हाताने औषध टाकत होता आणि दुसऱ्या हाताने, त्याच ट्रॅक्टरने, चिलटांसाठी पाळणाघर बांधत होता. बागांमध्ये मशागत कमी केली, तण गाडण्याऐवजी वरच्यावर कापलं किंवा तणनाशकाने मारलं, तेव्हा चिलटं घटली. हे माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातलं सार आहे आणि ते फुकट आहे, म्हणून बहुधा दुकानात कोणी सांगत नाही.

तुमच्याशी याचं नातं उघड आहे. पण सरळ उचलून तुमच्या रानात लावणार नाही, कारण आपली जात वेगळी. सिफन्क्युलिना ही जास्त करून ओल्या घाणीतली माशी: मोरीचं सांडपाणी मुरलेली माती, गोठ्यातली मूत-शेणाची ओल, कोंबडीखताचा भिजलेला थर. त्यामुळे तुमच्या शेतात संशयित दोन आहेत. एक कोंबडीखत आणि पाणी, दुसरा गाडलेला पाला. आणि तिसरा संशयित तुमच्या शेताबाहेरही असू शकतो. तो तुमच्या शेजाऱ्याचा गोठा असेल, शाळेच्या हातपाय धुवायच्या नळाखालचा चिखल असेल. औषध टाकायच्या आधी हे ठरवायला हवं. कसं, ते पुढे सांगतो.

आधी तुमच्या १० किलोंचं गणित. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. रोटाव्हेटर १५ सेंटिमीटर घोळला धरा, तर सुमारे ६०० घनमीटर माती, वजनाने ८०० टनांच्या आसपास. ३ टक्के दाणेदारात १० किलोमागे खरं औषध ३०० ग्रॅम. म्हणजे टनाला अर्धा ग्रॅमही नाही. आणि तेही सारखं पसरत नाही, दाण्याभोवती जास्त, दोन बोटं पलीकडे नाही. उसाच्या किंवा भाताच्या मुळाशी दाणे टाकतो तेव्हा हे चालतं, कारण मूळ औषध शोषून घेतं आणि कीड मुळाला किंवा खोडाला तोंड लावते. चिलटाची अळी पिकाला तोंड लावतच नाही. ती कुजलेल्या पाल्यात असते, आणि सेंद्रिय पदार्थ औषधाला स्वतःला चिकटवून धरतो. जिथे अळी जास्त, तिथेच औषध सर्वात लंगडं.

हे झालं परिणामाचं. धोका याहून मोठा. कार्बोफ्युरान आंतरप्रवाही आहे, मुळातून पानात चढतं. मेथी पंचवीस-तीस दिवसांत जुडी बांधून बाजारात जाते. तेवढ्या दिवसांत ते मातीतून जाणार नाही, जाईल ते पानात. इतकं जहाल औषध पालेभाजीच्या मातीत मिसळणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या ताटात वाढणं. पक्षी दाणे टिपतात आणि मरतात. मोर, लाव्हे, पारवे अशा रीतीने मेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. कायद्याचीही बाजू आहे. फोरेट, ज्याला आपण सगळे थायमेट म्हणत आलो, ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. २०२३ मध्ये कार्बोफ्युरानचीही एन्कॅप्सुलेटेड, म्हणजे आवरणातलं, ३ टक्के दाणेदार सोडून बाकी सगळी रूपं बंद झाली. जे उरलं आहे त्याच्या लेबलवर पिकांच्या किडी आहेत, चिलटं नाहीत. औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी वापरायला मान्यता आहे, त्याला लेबल क्लेम म्हणतात; द्राक्षवाल्यांना हा शब्द आता तोंडपाठ झालाय. भाजीवाल्यांनीही तो करावा.

मी काही सोवळ्यातला माणूस नाही. मुळं खाणाऱ्या हुमणीसाठी उसात थायमेट टाका म्हणून मी स्वतः शेकडो शेतकऱ्यांना सांगितलंय. चिलटांच्या बाबतीतली माझी चूकही सांगतो. एका जरबेराच्या पॉलिहाऊसमध्ये फंगस नॅट झाल्या होत्या. मी क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतायला, सांगितली. आठवडाभर बरं वाटलं. पुन्हा झाल्या, पुन्हा आळवणी. तिसऱ्या वेळी मालकाच्या आईने विचारलं, “साहेब, माशा बाहेरच्या गटारातून आत येत असतील तर?” गेलो, पाहिलं. ड्रेनचं पाणी बाहेर एका चरात साचून वर हिरवं शेवाळ धरलं होतं आणि त्यातून माशा निघत होत्या. चर उपसला, खडी टाकली, महिन्यात प्रश्न मिटला. तीन आळवण्यांचे पैसे मी मालकाला परत द्यायला हवे होते; दिले नाहीत, हेही खरं.

जाता जाता, फंगस नॅटसाठी मातीतलं औषध काही प्रमाणात चालतं, कारण कुंडी, बेड, कोकोपीट हे मोजकं माध्यम असतं आणि अळी त्यातच असते. तिथे बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हा जिवाणू उत्तम. पण कोणी तुम्हाला तेच डोळ्यांवरच्या चिलटांसाठी विकत असेल तर घेऊ नका. तो जिवाणू डास आणि डासाच्या नात्यातल्या माशांच्या अळ्यांवर चालतो. तुमची माशी घरमाशीच्या बाजूची आहे.

आता करायचं काय. पहिलं, बाटल्या लावा. काळा प्लास्टिकचा टब घ्या, भोकांची टोपली नव्हे, कमीतकमी दोन वीत तोंडाचा. तळाला गरम सळईने भोक पाडा, त्यात पारदर्शक पाण्याची बाटली तोंडाकडून घट्ट बसवा, बाटलीच्या तोंडात कागदाचा नरसाळ्यासारखा कोन ठेवा म्हणजे वर गेलेली माशी खाली येणार नाही. टब मातीवर उपडा घालून कडेने माती दाबा. आतल्या मातीतून जी माशी निघेल ती अंधारातून उजेडाकडे, म्हणजे बाटलीत जाईल. बाहेरची आत येणार नाही. हीच पद्धत कोचेलात पिंजऱ्यांनी केली, आपण घरच्या सामानात करू. एक टब रोटाव्हेटर मारून पाणी दिलेल्या वाफ्यावर, एक नुसत्या कोंबडीखताच्या थरावर, एक उभ्या पालकात, एक गोठ्याच्या ओलीवर आणि परवानगी मिळाली तर एक शाळेच्या नळाखाली. उन्हाळ्यात पहिल्या दोन आठवड्यांत बाटली रिकामी दिसेल, कंटाळू नका. चार आठवडे ठेवा.

त्या चार आठवड्यांत हातावर हात ठेवून बसायचं नाही. कोंबडीखत कच्चं, ओलं आणता ते बंद करा. बांधाला ढीग लावा, थोडा उसाचा पाचट किंवा भुस्सा मिसळा, ताडपत्रीने झाका, दर आठवड्याला वरखाली करा. ढीग नीट तापला तर आत ५५ अंशांच्या वर जातो, हात घालवत नाही. अळी तिथे जगत नाही. कडेचा थर थंड राहतो, म्हणून वरखाली करणं टाळायचं नाही; बहुतेक जण इथेच आळस करतात आणि मग म्हणतात कंपोस्ट करूनही चिलटं झाली.

पाला गाडायची घाई सोडा. जुडी निघाल्यावर उरलेलं कापून वरच्यावर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या. वाळलेला पाला मातीत गेला तरी तो हिरव्यासारखा आंबत नाही. मग रोटाव्हेटर मारा आणि त्यानंतर लगेच पाणी देऊ नका. माती उघडी, कोरडी तापू द्या, आठवडाभर जमलं तर उत्तम. तुमचं चक्र तीस दिवसांचं आहे आणि आठवडा म्हणजे पैसा, हे मला कळतं. म्हणून चारही एकर एकदम करू नका. शाळेच्या बाजूची एक एकर पट्टी घ्या, तिथे पालेभाजीऐवजी एक हंगाम वांगी, गवार, दोडका असं काही लांब मुदतीचं पीक लावा, ठिबकवर. चार-पाच महिने ती माती हलणार नाही आणि भिजेल तीही झाडापुरती. माझ्या मते तुमच्या सगळ्या उपायांत हा एकच उपाय गावाला डोळ्यांनी दिसेल.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला सॅन डिएगो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, २०१२च्या आधीच्या काही वर्षांत हाच तंटा झाला. वस्तीलगतची भाजीपाल्याची सेंद्रिय शेती, मातीत भरपूर खत, वर्षभर मशागत आणि लोक हैराण. सेंद्रिय असल्याने मातीत रासायनिक कीटकनाशक टाकायचा प्रश्नच नव्हता. २०१२ मध्ये काउंटीने चिलटांसाठी स्वतंत्र नियम केले, शेतकऱ्याने काय पावलं उचलायची त्याचे. आपल्याकडे अशी वेळ ग्रामसभेच्या ठरावाने येते, आणि ठरावात शास्त्र कमी, भाऊबंदकी जास्त असते. त्याआधी तुमच्याकडे बाटल्यांचे आकडे असलेले बरे.

सापळ्यांबद्दल तुम्ही विचाराल. अमेरिकेत अंड्याचं कुजवलेलं द्रावण आमिष म्हणून वापरतात आणि त्या माशा त्यावर तुटून पडतात. आपल्या जातीवर माझा अनुभव मिश्र आहे, शिवाय शाळेशेजारी कुजक्या अंड्यांच्या बाटल्या टांगल्या तर चिलटांआधी तुम्हालाच हाकलतील. म्हणून दोरी. ही माशी रात्री लोंबत्या दोरीवर गर्दीने बसते आणि अंधारात जवळजवळ हलत नाही. गोठ्यात आणि पडवीत जुन्या, मळक्या सुतळ्या हात-दीड हाताच्या अंतराने मुद्दाम लोंबत सोडा. नव्या पांढऱ्या सुतळीवर कमी बसतात असं मी पाहिलंय. बाकीची लोंबती जळमटं, वायरी, दावी काढून टाका, म्हणजे बसायला तेवढीच जागा. रात्री नऊनंतर विजेरी न लावता साबणाच्या पाण्याची बादली खालून वर नेत सुतळी आत बुडवा. आठवडाभर रोज. हे काम शाळेतल्या शिपायाला आणि गोठेवाल्या शेजाऱ्यांना शिकवा. ज्या पोरांचे डोळे आलेत त्यांचा टॉवेल-रुमाल वेगळा ठेवा आणि त्यांना डॉक्टरकडे पाठवा; चिलट एका डोळ्यातली घाण पायाला लावून दुसऱ्याच्या डोळ्यात नेतं.

धुरळणी-फवारणीचं यंत्र गावातून फिरवायची टूम निघेल. एक संध्याकाळ बरं वाटतं. मातीत कोष तसेच असतात आणि दोन दिवसांत नवी फौज निघते. ग्रामपंचायतीचे पैसे नळाखालच्या चिखलात खडी आणि शोषखड्डा करायला गेले तर जास्त फळतील.

टब लावल्याची तारीख बाटलीवर खडूने नको, पेनाने लिहा. अठ्ठाविसाव्या दिवशी प्रत्येक बाटलीतल्या माशा मोजा आणि आकडे मला कळवा, टबाच्या जागेसकट. कोंबडीखतावर आणि गाडलेल्या वाफ्यावर जास्त निघाल्या तर वरचं वेळापत्रक पूर्ण वर्षासाठी बसवून देतो. गोठ्याच्या किंवा नळाच्या बाटलीत जास्त निघाल्या तर तुमच्या चार एकरांना हात लावायची गरज नाही. ती बाटली तशीच न उघडता ग्रामसभेत घेऊन जा.